घराचा भाव रुमालाखाली का?

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या गल्लीतल्या पंधरा-वीस जणी जमलो होतो. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि नेहमीप्रमाणे गप्पा रंगल्या. "साडी केवढ्याला घेतली गं?" "बाराशे, पण भाव करून हजाराला दिली." "आणि हे मंगळसूत्र?" "तीन तोळ्यांचं, मजुरी वेगळी." वांगी किती, तूरडाळ किती, मोलकरीण किती घेते, पार्लरवाली किती घेते, सगळ्याचे भाव निघाले. आपण बायका भाव विचारायला लाजत नाही. तो आपला हक्कच आहे!

तेवढ्यात एकीनं सहज विचारलं, "तुम्ही हे घर घेतलं तेव्हा प्लॉट काय भावानं पडला होता?" आणि एकदम शांतता. यजमानीणबाई हसल्या, म्हणाल्या, "ते बाई आमच्या ह्यांनाच माहीत." मग हळूहळू लक्षात आलं, की तिथं बसलेल्या निम्म्याअधिक जणींना आपण राहतो त्या घराची किंमत ठाऊक नव्हती. बाराशेच्या साडीत दोनशे रुपये कमी करून घेणाऱ्या आम्ही बायका, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीचा आकडा आम्हाला माहीत नाही!

त्या दिवशी मला माझीच गोष्ट आठवली. २०१३ साली आम्ही हिंगोलीत प्लॉट घेतला. बाराशे चौरस फूट. एजंट रोज दारात. "वहिनी, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आज इसार दिला नाही तर उद्या प्लॉट तुमचा नाही." भाव सांगितला फुटाला अकराशे. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, की आजूबाजूला काय भावानं गेलेत ते तरी बघू. पण बघायचं कुठं आणि विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तो एजंटाचाच माणूस. शेवटी तेरा लाख वीस हजारांत व्यवहार झाला. चार वर्षांनी शेजारच्या काकूंशी ओळख वाढली आणि एका दुपारी पापड लाटताना त्या बोलून गेल्या, "आम्ही तर तुमच्या सहा महिने आधीच घेतला, साडेसातशेनं." मी मनातल्या मनात हिशेब केला. चार लाख वीस हजार रुपये! लाटणं हातातच राहिलं.

आणि मैत्रिणींनो, याहून वाईट गोष्ट मला आणखी काही दिवसांनी कळली. काकूंच्या व्यवहाराची रक्कम तेव्हाही सरकारी दप्तरात लिहिलेली होती. कुणीही जाऊन बघू शकेल अशी. म्हणजे जे आम्ही गावभर कुजबुजत शोधत होतो, ते रजिस्ट्री ऑफिसातल्या वहीत उघडं पडलं होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही.

ती वही कोणती? तिचं नाव 'सूची क्रमांक दोन'. सगळे तिला 'इंडेक्स टू' म्हणतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या प्रत्येक नोंदवलेल्या दस्ताची नोंद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात या सूचीत होते. पहिल्याच ओळीत दस्ताचा प्रकार लिहिलेला असतो: खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे असेल ते. त्याखाली 'मोबदला', म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्यानं कागदावर कबूल केलेली किंमत. त्याखाली 'बाजारभाव', म्हणजे सरकारी हिशेबानं त्या जागेचं मूल्य. मग गट नंबर किंवा घर क्रमांक, क्षेत्रफळ, लिहून देणार, लिहून घेणार, तारखा, भरलेलं मुद्रांक शुल्क. एका पानात सगळा व्यवहार.

याच कायद्याचं ५७ वं कलम म्हणतं, की ठरलेली फी भरून ही सूची कोणीही पाहू शकतो आणि तिची नक्कलही घेऊ शकतो. कोणीही! त्यासाठी तुम्ही मालक असायला नको, वारस असायला नको, वकील तर नकोच. मृत्युपत्रं मात्र या सूचीत येत नाहीत. त्यांची वही वेगळी असते आणि करणारा हयात असेपर्यंत ती दुसऱ्याला दाखवत नाहीत. पण घर-जमिनीचा व्यवहार हा चारचौघांना कळावा, एकच जागा दोघांना विकली जाऊ नये, म्हणून इंग्रजांच्या काळापासून तो उघडा ठेवलेला आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली. आणि आपल्याला वाटतं ते गुपित आहे.

आता तर ऑफिसच्या पायऱ्या चढायचीही प्रत्येक वेळी गरज नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागानं २००२ च्या सुमारास दस्तनोंदणी संगणकावर आणली आणि त्यापुढच्या दस्तांचा शोध विभागाच्या संकेतस्थळावर घेण्याची सोय केली. जिल्हा हिंगोली, मग तालुका, मग गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकायचा. कधी साइट अडते, कधी चित्रातली अक्षरं ओळखू येत नाहीत, पण चिकाटी ठेवली तर सापडतं. आपली कॉलेजात जाणारी लेक किंवा भाचा मोबाइलवर दहा मिनिटांत काढून देईल. मुंबईच्या नटनट्यांनी किती कोटींना फ्लॅट घेतला, अशा बातम्या आपण चवीनं वाचतो ना? त्यातल्या बऱ्याचशा याच नोंदींवरून येतात. नटीच्या घराचा भाव आपल्याला कळतो. आपल्या गल्लीतला मात्र कळत नाही!

आपल्या जिल्ह्यात तर हे फारच विचित्र वाटतं. हिंगोली-वसमत म्हणजे हळदीचा मुलूख. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात, उघड्यावर बोली होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात क्विंटलचा भाव छापून येतो. औंढ्याच्या किंवा सेनगावच्या खेड्यातली बाई घरी बसून ठरवते, की हळद आज घालायची की पंधरा दिवस थांबायचं. पण हे काही पहिल्यापासून असं नव्हतं. जुन्या काळी बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचे. शेतकरी समोर उभा, माल त्याचा, पण भाव कळायचा फक्त दलालाला आणि व्यापाऱ्याला. त्याला हत्ता पद्धत म्हणत. पुढं बाजार समित्यांचे कायदे आले, रुमाल निघाला आणि उघड लिलाव सुरू झाला. हळदीचा रुमाल निघाला, पण घराचा अजून आहे तिथंच आहे.

या रुमालाखाली सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं? माझ्या मते, बाई.

माझी एक मैत्रीण आहे. नाव-गाव सांगत नाही. माहेरचं जुनं माळवदाचं घर, भर रस्त्यावर. आईवडील गेल्यावर दोघं भाऊ म्हणाले, "अक्का, घर पडायला आलंय. नावावर करून घेतो म्हणजे दुरुस्ती तरी करता येईल. तुम्ही दोघी हक्कसोड करून द्या." दोघी बहिणी गेल्या. रजिस्ट्री ऑफिसात फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. भावांनी दोघींना साडीचोळी केली, एकवीस-एकवीस हजार हातात ठेवले, जेवायला घातलं. माहेर टिकलं म्हणून दोघी आनंदानं परत आल्या. आठ महिन्यांनी ती जागा दुकानांसाठी विकली गेली. मैत्रिणीच्या लेकीनं एक दिवस सहज मोबाइलवर शोध घेतला आणि आईला दाखवलं. मोबदला: बेचाळीस लाख. चौघांत वाटले असते तर एकेकाच्या वाट्याला साडेदहा लाख आले असते.

मैत्रीण माझ्याकडं येऊन रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला भावाशी भांडायचं नव्हतं. आजही नाही. कदाचित मी तरीही सोडला असता हिस्सा. पण मी काय सोडतेय हे तरी मला कळायला हवं होतं."

या वाक्यावर मी खूप विचार केला. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा, ही गोष्ट महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात आणली. तेव्हा ती फक्त त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. २००५ साली देशभराच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानंच मिळतो आणि २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत-नसोत, त्यानं फरक पडत नाही. त्याच्याही आधी, १९९० च्या आसपास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी करून दिल्या. म्हणजे नाव लागायला सुरुवात होऊन बराच काळ झाला. पण हक्काची किंमत माहीत नसेल तर तो हक्क साडीचोळीत सुटतो. सोडणारीला वाटतं आपण पडकं घर सोडलं. घेणाऱ्याला माहीत असतं आपण काय घेतलं.

मैत्रिणीच्या जागेशेजारचं दुकान तिच्या सहीच्या आदल्याच वर्षी विकलं गेलं होतं. त्याची नोंद सूचीत होती. सही करण्याआधी कुणी तिला ती दाखवली असती, तर निदान ती डोळे उघडे ठेवून बसली असती.

अजून एक सांगते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरावर वीस हजार वाचतात. सुरुवातीला अट होती, की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ साली निघाली. त्यामुळं 'मॅडमच्या नावावर घ्या' असं एजंटच सांगायला लागलेत. चांगलंच आहे. पण कितीतरी घरांत असं चाललंय, की नाव तिचं आणि व्यवहार त्याचा. सही करताना तिला विचारा, "कितीला घेतलं?" तर ती नवऱ्याकडं बघते. सवलत मिळाली, मालकीण झाली, पण भाव मात्र 'ह्यांनाच माहीत'.

आता तुमच्यातली एखादी हुशार म्हणेल, "ताई, त्या इंडेक्स टूवर विश्वास कसा ठेवायचा? तिथं खरी किंमत कोण लिहितं?" अगदी बरोबर. आणि इथं मला माझीच चूक कबूल केली पाहिजे. आमच्या त्या तेरा लाख वीस हजारांच्या प्लॉटचं खरेदीखत आम्ही आठ लाखांचं केलं. "सगळे असंच करतात," एजंट म्हणाला, ह्यांनी मान डोलावली, मी गप्प बसले. उरलेले पाच लाख वीस हजार रोख गेले, पावती नाही, काही नाही. आज कुणी आमच्या गल्लीतला भाव शोधायला बसलं, तर तिला आमच्या नावापुढं आठ लाख दिसतील. ते खोटं आहे आणि ते मी सही करून लिहिलंय. ज्या अंधाराबद्दल मी तक्रार करतेय, त्यात एक फुंकर माझीही आहे.

या खोट्या आकड्यानं थोडं शुल्क वाचतं, पण पुढं काय काय होतं बघा. व्यवहार मोडला किंवा कोर्टात गेला, तर मागता येतात ते कागदावरचेच पैसे. पुढं घर विकलं, तर खरेदी कमी दिसते, म्हणून नफा जास्त दिसतो आणि त्यावर कर बसतो. आणि २०१५ च्या जूनपासून तर स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. पकडलं तर दंड तेवढाच होतो, जेवढी रक्कम रोख घेतली.

सगळ्यात मोठी गोष्ट तर शेतकरी घरातल्या बायकांनी लक्षात ठेवावी. सरकार रस्त्याला, प्रकल्पाला जमीन घेतं, तेव्हा २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे किंमत ठरवताना सरकारी दराबरोबर आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या नोंदवलेल्या खरेदीखतांकडं बघतात. त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या खरेदीखतांची सरासरी काढतात. मग गावातल्या प्रत्येकानं चार पैसे वाचवायला निम्मी किंमत लिहिली असेल तर? सगळ्या गावाचा मोबदला खाली येतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो' वेधशाळा होणार आहे. केंद्रानं २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ साली २,६०० कोटींचा खर्च धरून तिला मंजुरी दिली. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही आपल्या जिल्ह्याचं नाव आलं आणि शेतकऱ्यांनी विरोध केला. अशा वेळी गावात सगळे भाव विचारतात. पण भाव आपणच आधी खोटा लिहून ठेवलेला असतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. आपल्याकडं कितीतरी प्लॉट बाँडवर विकले गेलेत. आधी शंभराचा बाँड, नोटरीचा शिक्का, झालं खरेदी! रजिस्ट्रीच नाही, तर सूचीत नोंद कुठून येणार? तिथं भावही कळत नाही आणि मालकीही पक्की नाही. पोटाला चिमटा घेऊन घेतलेला प्लॉट, आणि हातात काय? कागदाचा तुकडा. 'बाँडवर स्वस्तात देतो' असं कुणी म्हटलं, तर ते स्वस्त का आहे हे आधी विचारा.

मग भाव उघडा असण्यात काहीच धोका नाही का? आहे. मी त्यावर दुसऱ्या बाजूनंही विचार केला. समजा एखाद्या विधवा बाईनं घर विकलं, लेकराच्या शिक्षणासाठी पैसे बँकेत ठेवले. तिच्या नावासकट आकडा सगळ्यांना दिसला, तर दिराला दिसणार, उसनवारी मागणाऱ्यांना दिसणार, चोरालाही दिसणार. ही भीती खरी आहे आणि ती एकट्या बायकांनाच जास्त आहे. शिवाय पूर्ण दस्तात फोटो, अंगठे, ओळखपत्रांचे नंबर असतात. ते कुणाच्याही हाती पडणं धोक्याचंच.

पण यावर तोड आहे. इंग्लंडमध्ये सरकारी जमीन नोंदणी खातं घरांच्या विक्रीच्या किमती सगळ्यांसाठी खुल्या ठेवतं, फुकट. १९९५ पासूनच्या. त्या यादीत पत्ता असतो, तारीख असते, किंमत असते. घेणाऱ्या-देणाऱ्याचं नाव नसतं. अमेरिकेत काही राज्यांत किंमत उघडी असते, तर टेक्साससारख्या राज्यांत ती जाहीर करायची सक्तीच नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी माणसांनी विचार करून काहीतरी ठरवलंय. आपल्याकडं कायदा उघड्या भावाच्या बाजूनं आहे, पण सवय मात्र रुमालाची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की माहिती शोधणाऱ्यालाच सापडेल अशी ठेवू नका. हळदीचा भाव कुणी अर्ज करून मागत नाही, तो पेपरात येतो. तसाच प्रत्येक तालुक्याच्या गावात, कोणत्या भागात या महिन्यात किती व्यवहार झाले, फुटाला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढं नावं न घेता नोंदणी खात्यानं दर महिन्याला जाहीर करावं. कार्यालयाच्या भिंतीवर लावावं, नगरपालिकेत लावावं, पेपरला द्यावं. आकडे त्यांच्या संगणकात आहेतच. आणि हक्कसोड नोंदवताना, सोडणाऱ्या बहिणीला त्या मिळकतीचं सरकारी मूल्य मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत असावी. तिनं मग खुशाल सोडावं, पण ऐकून सोडावं.

तोवर आपण काय करायचं? घर किंवा प्लॉट घ्यायचा असेल, तर इसार देण्याआधी गट नंबर किंवा मिळकत नंबर मागून घ्या. देत नसेल तर तिथंच थांबा. मग आजूबाजूचे मागच्या दोन-तीन वर्षांतले चार-पाच व्यवहार शोधा आणि मोबदल्याला क्षेत्रफळानं भागा. एकच व्यवहार बघून ठरवू नका. कोपऱ्याचा प्लॉट आणि आतला प्लॉट यांत फरक पडतोच. सोबत सरकारचा रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता बघा. एक लक्षात ठेवा, बांधीव घराचा तिथला दर चौरस मीटरचा असतो आणि एजंट बोलतो फुटात. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट. तो दर शुल्क आकारण्यासाठीचा असतो, खरा भाव त्याहून वर-खाली असू शकतो, पण अंदाज येतो. नव्या मोठ्या स्कीममध्ये घेत असाल, तर २०१७ पासून चालू झालेल्या महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि जी किंमत द्याल तीच कागदावर लिहा. माझ्यासारखं करू नका.

माहेरचा कागद सहीला आला, तर भावाला प्रेमानंच सांगा, "दादा, सही करते. आधी किंमत बघू दे." यात अविश्वास नाही. बँकेत सोनं ठेवताना आपण वजन करतो, तेव्हा बँकेवर अविश्वास असतो का?

परवा मी आणि लेक मिळून आमच्याच घराचा इंडेक्स टू काढला. माझं नाव लिहून घेणार म्हणून दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तुमच्या घराचा काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का, आणि त्यापुढं आकडा काय लिहिलाय? पुढच्या हळदीकुंकवाला साडीचा भाव विचारून झाला, की तोही विचारू एकमेकींना.